गावभागातलं भिजलेलं तैलचित्र आणि हातातली ती पांढरी वस्तू

आपल्या सांगली-सातारा भागात जुनं तैलचित्र म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, रविवर्म्याचं आहे का? त्याला कारणही आहे, औंधला भवानी संग्रहालयात रविवर्म्याची खरी चित्रं आहेत, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली ते उभं केलं आणि शाळेच्या सहलीत आपण बहुतेक सगळ्यांनी ती बघितलीयत, शिवाय त्यांच्या छापखान्यातल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी भिंतीवर होत्याच, त्यामुळे जुनं आणि तेलात रंगवलेलं म्हणजे रविवर्मा हे डोक्यात पक्कं बसलंय. मी ज्या चित्राबद्दल लिहितेय ते रविवर्म्याचं नाही. कुणाचं आहे ते माहीत नाही. सही नाही, तारीख नाही, घरात कागदपत्र नाही. जुनी खराब झालेली चित्रं सावरणं हे माझं काम, आणि या चित्रावर मी जेवढं मन लावून काम केलं तेवढं आजवर कशावरच केलं नसेल, आणि काही जणांनी विचारलं म्हणून ते कसं कसं झालं ते लिहून काढतेय. मोठं होणार आहे, सवडीने वाचा.

झालं असं की इथल्या एका छोट्या संग्रहालयाला सांगलीच्या नाट्यपरंपरेवर प्रदर्शन करायचं होतं. सांगलीत नाटकाचं अप्रूप वेगळंच, १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी पटवर्धन सरकारांच्या आश्रयाने पहिलं मराठी नाटक इथेच केलं, गोविंद बल्लाळ देवल पलीकडच्या हरिपूरचे, त्यामुळे जुन्या घरांतून नाटकाचं काही ना काही निघतंच. हँडबिलं, तिकिटं, पेटी, दागिन्यांचे डबे. त्या शोधाशोधीत गावभागातल्या एका वाड्यातल्या काकूंनी क्युरेटर मॅडमना सांगितलं की आमच्याकडे माळ्यावर एक मोठं चित्र आहे, सासऱ्यांचे चुलते नाटक कंपनीत होते त्यांचं, बाईच्या वेषातलं, पण ते पुरात भिजलंय, बघण्यासारखं राहिलेलं नाही. मॅडमनी मला फोन केला आणि आम्ही दोघी गेलो.

माळ्यावरून ते खाली घेतलं तेव्हा जुन्या सतरंजीत गुंडाळलेलं होतं आणि सतरंजी उलगडताना रंगाचे तुकडे खाली पडत होते. मी लगेच थांबवलं सगळ्यांना. होतं त्या जागी आडवं ठेवलं, आणि पडलेले तुकडे चिमट्याने उचलून, कुठल्या बाजूला पडले ते लिहून, डब्यांत भरले. नंतर त्यातल्या बऱ्याच तुकड्यांच्या जागा सापडल्या, म्हणून सांगते, असं काही घरात घडलं तर केरसुणी आणू नका.

साधारण पाच फूट उंच, साडेतीन फूट रुंद. नऊवारी नेसलेली, नथ घातलेली एक नायिका उभी, मागे नाटकाच्या पडद्यावर असतात तसले खांब आणि कमान. एक हात लाकडी स्टुलावर, दुसरा खाली सोडलेला. चेहरा बघितला की कळतं पुरुष आहे. पण ज्याने रंगवलं त्याने तो पुरुष लपवायचाही प्रयत्न केला नाही आणि त्याची टिंगलही केली नाही, जबडा आहे तसा रुंद ठेवलाय, मनगटं जाड ठेवलीयत, आणि डोळ्यांत मात्र असं काही आहे की आपण ती नायिकाच आहे असं मानून बघत राहतो. मला तिथेच कळलं की हा माणूस हात चांगला असलेला होता, नाव काही का असेना.

कमरेच्या खालपर्यंत सगळं ठीक होतं, म्हणजे काळं-पिवळं झालेलं पण शाबूत. खालचा तिसरा हिस्सा मात्र चिखलाने राखाडी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा हे चित्र माजघरात भिंतीवर होतं, आणि पाणी त्याच्या गुडघ्याच्या वर येऊन काही दिवस तसंच राहिलं. घरातली माणसं आधीच बोटीतून बाहेर काढलेली. पाणी ओसरल्यावर सगळं गच्चीवर नेऊन वाळत घातलं, त्यात हेही. काकू म्हणाल्या, "अगं त्या आठवड्यात गाद्या, गहू, देव, सगळंच गच्चीवर होतं, चित्राचं कोण बघणार." अगदी खरं आहे. माणसं आणि घर सावरताना चित्राकडे बघायला कुणाला वेळ असतो? नंतर ते वाळलं आणि माळ्यावर गेलं ते गेलंच.

आता पाण्याने नेमकं काय होतं ते सांगते, कारण लोकांना वाटतं तेलरंग आहे, पाण्याने काय होणार. रंग धुऊन जात नाही हे बरोबर. पण तेलचित्र म्हणजे थर असतात, मागे कापड, त्यावर सरसाचा हात, त्यावर पांढरं अस्तर, त्यावर रंग, आणि सगळ्यात वर वॉर्निश. पाणी मागून येतं. सरस फुगतो, घट्ट विणीचा कॅनव्हास पाण्याने आटतो, आणि वरचा वाळलेला रंग मात्र आटत नाही, त्याला कापडावर मावायला जागाच उरत नाही, मग तो मधे उचलला जातो, तंबू उभे राहतात. त्यात कडक ऊन लागलं की कडा वर वळतात, भाजलेल्या पापडाचे तुकडे कसे वाकडे होतात तसा रंग झाला होता. बोटाने नुसतं टेकलं तरी निसटणार. आणि वरचं वॉर्निश ओलीने पांढुरकं पडतं, धुकं धरल्यागत, त्याच्याआड रंग असतो पण दिसत नाही.

वाड्यातून हलवायच्या आधी तिथेच फेसिंग केलं. म्हणजे सुटलेल्या रंगावर पातळ जपानी कागदाचे छोटे छोटे तुकडे चिकटवायचे, प्रवासात काही पडू नये म्हणून. यासाठी नेहमी माशाचा सरस किंवा जिलेटिन वापरतात, पण ते पाण्यातले, आणि हा कॅनव्हास एकदा पाण्याने आटलेला, परत ओल दिली तर परत आटणार, म्हणून मी पाण्याचं काहीच जवळ आणलं नाही, बेव्हा ३७१ नावाचा चिकटवणारा पदार्थ पेट्रोलियमच्या सॉल्व्हंटमधे, म्हणजे विरघळवणाऱ्या द्रवात, पातळ करून वापरला. हा गुस्ताव्ह बर्गर नावाच्या माणसाने चित्रांसाठीच तयार केला, साधारण ६५ अंशांपर्यंत गरम केला की धरतो आणि हवा तेव्हा परत सोडवता येतो. आमच्या कामात हा परत सोडवता येण्याचा मुद्दा सगळ्यात मोठा, आज मी जे घालते ते उद्या दुसऱ्या कुणाला तरी काढावं लागेल हे धरूनच घालायचं. मग प्लायवर आडवं बांधून छोट्या हत्तीत घालून विश्रामबागेत माझ्या खोलीवर आणलं. ड्रायव्हर दादांना सांगितलं होतं आत काय आहे ते, प्रत्येक स्पीडब्रेकरला ते थांबून मागे बघायचे.

पहिले काही आठवडे फक्त बुरशी. मागच्या बाजूला काळी आणि पांढरी अशी दोन्ही, वाळलेली. बाकीच्या कामापासून वेगळ्या खोलीत ठेवलं, मास्क लावून मऊ ब्रशने उचलायची आणि बारीक फिल्टरच्या व्हॅक्यूमच्या तोंडात सोडायची, तोंडाला जाळी बांधून, म्हणजे चुकून रंगाचा कण गेला तर जाळीवर अडकेल. कंटाळवाणं काम. पण आधी बुरशी आटोक्यात नाही आली तर पुढचं सगळं फुकट, आपल्याकडे जूनपासून हवेत इतकी ओल असते की ती परत उठतेच.

मग चिखल. कृष्णेचा गाळ बारीक आणि चिकट, वाळला की रंगाच्या प्रत्येक भेगेत जाऊन बसतो. ओला करून पुसायचा मोह होतो, आणि बाकी ठिकाणी मी केलंही असतं, इथे शक्य नव्हतं. म्हणून आधी उचललेला रंग खाली बसवायचा, मग चिखल काढायचा. एकेका तुकड्याखाली बारीक ब्रशने बेव्हा सोडायचा, वर सिलिकॉनचा कागद, त्यावर छोट्या गरम स्पॅच्युलाने हलकं दाबायचं, आणि गार होईपर्यंत वजन. भिंगातून बघत. हे करत असताना माझ्या मदतीला इथल्या कला महाविद्यालयातला एक मुलगा यायचा, त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की तुझं पोर्ट्रेट कितीही चांगलं असलं तरी इथे ब्रश रंगवायला नाहीये. तो इतक्या शांतपणे बसायचा की मला नंतर त्याला थांबवावं लागायचं, डोळ्यांना विश्रांती दे म्हणून. काही जागी कापड इतकं आटलं होतं की रंगाचे दोन तुकडे शेजारी शेजारी मावेनात, कडा एकमेकांवर चढलेल्या, त्या मी तशाच ठेवल्या. मावत नाही म्हणून कडा कापून सपाट करणारे लोक आहेत. मला ते पटत नाही, तो रंग त्या चित्रकाराचा आहे, माझा नाही.

गाळ निघाला तो बांबूच्या तासलेल्या काडीने, स्काल्पेलने आणि रबरी स्पंजने, कोरडाच. शेवटची पातळ साय उरली ती मात्र थुंकीने. हो, थुंकी. काडीला कापूस गुंडाळून स्वतः स्वॅब करायचे, जिभेवर ओले करायचे आणि फिरवायचे. जगभरातल्या मोठ्या संग्रहालयांतून हे करतात, थुंकीत एन्झाइम असतात, ती कोमट असते आणि पाण्यापेक्षा बरीच कमी लागते. वापरलेला स्वॅब परत तोंडात नाही हे सांगायला नको. वरच्या न भिजलेल्या भागावर ट्रायअमोनियम सायट्रेटचं अगदी सौम्य द्रावण चाललं, तिथे धूर होता, वर्षानुवर्षांचा समईचा आणि चुलीचा, तो स्वॅबवर काळा काळा उतरायचा.

रात्री दिवे घालवून यूव्ही, म्हणजे अतिनील प्रकाशाच्या, टॉर्चखाली बघितलं तेव्हा बऱ्याच गोष्टी एकदम कळल्या. जुनं राळेचं वॉर्निश यूव्हीखाली हिरवट चमकतं, आणि त्याच्यावर नंतर कुणी रंग लावला असेल तर तो काळा डाग दिसतो. स्टुलाच्या पायाशी असा मोठा काळा डाग होता. मागून बघितलं तर तिथे कापडाचं ठिगळ, सुतारकामाच्या गोंदाने मारलेलं, म्हणजे पुराच्या कितीतरी आधी तिथे फाटलं होतं आणि कुणीतरी ते झाकून वरून तपकिरी ऑइलपेंट फासला होता, फाटक्या जागेच्या चौपट जागेवर. तो पेंट काढल्यावर खाली मूळचं सगळं होतं, स्टुलाचं कोरीवकाम, साडीचा काठ, अगदी नीट. एवढंसं भोक झाकायला वीतभर चित्र झाकलं होतं. असं खूप ठिकाणी बघितलंय मी आणि दर वेळी जीव तुटतो.

वॉर्निश काढणं हा लोकांना आवडणारा भाग, फोटोत छान दिसतो, अर्धा चेहरा पिवळा आणि अर्धा उजळ. पण त्याआधीच्या टेस्ट कुणी बघत नाही. प्रत्येक रंगावर, कडेला, अगदी इवल्याशा चौकोनात, सगळ्यात सौम्य सॉल्व्हंटपासून सुरुवात करायची, नुसत्या व्हाइट स्पिरिटने काही हललं नाही, मग त्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल थोडं थोडं वाढवत नेलं, एका प्रमाणाला वॉर्निश सुटायला लागलं आणि रंग मात्र जागचा हलला नाही. फक्त साडीचा गडद लाल. तो स्वॅबवर किंचित गुलाबी आला आणि मी तिथेच थांबले. त्या लालावर वॉर्निशचा पातळ थर तसाच ठेवलाय, थोडा पिवळसर दिसतो, दिसू दे.

खालच्या भागातलं पांढुरकं झालेलं वॉर्निश काढताना एकाने सुचवलं की अल्कोहोलची वाफ देऊन बघा, हात न लावता परत पारदर्शक होतं. पद्धत खरी आहे, १९व्या शतकात म्युनिकच्या माक्स फॉन पेटनकोफरने ती काढली आणि युरोपातल्या कितीतरी चित्रांवर वापरली गेली, पण नंतर लक्षात आलं की वाफेने खालचा रंगही मऊ पडतो आणि वॉर्निशमधे मिसळायला लागतो, आणि मग पुढे कधी वॉर्निश काढायला गेलं की रंग त्याच्याबरोबर येतो. म्हणून नाही केलं. हाताने, स्वॅबने, बोटभर बोटभर करत गेलो.

मागची लाकडी चौकट वाळवीने पोखरलेली, ती ठेवण्यात अर्थ नव्हता. नवीन स्ट्रेचर, म्हणजे कॅनव्हास ताणून बसवायची चौकट, मिरजेत करून घेतला. मुद्दाम मिरजेत, कारण तिथे तंतुवाद्यांच्या गल्लीत लाकूड समजणारी माणसं आहेत, तंबोऱ्याच्या दांडीला लाकूड किती मुरलेलं लागतं ते त्यांना सांगावं लागत नाही. तिथल्याच एका मिस्त्रींनी पाडलेल्या वाड्याच्या जुन्या सागवानातून करून दिला, कोपऱ्यांत पाचरी, म्हणजे कॅनव्हास सैल पडला की पाचर हलकी ठोकून ताण देता येतो. त्यांना मी समजावलं की कापडाला टेकणारी कड आतल्या बाजूला उतरती हवी, नाहीतर पुढून चौकटीची रेघ उमटते, तर म्हणाले, "ताई, लाकूड मुरलंय, हलणार न्हाई, आन् कड मी अशी काढतो की हात फिरवला तर कळणार न्हाई." तशीच काढली.

अख्ख्या चित्राला मागून नवीन कापड लावायचं, म्हणजे लाइनिंग, हा सोपा रस्ता होता. पूर्वी आपल्याकडे सर्रास मेण आणि राळ वितळवून लाइनिंग करायचे, घट्ट बसतं, ओलीला टिकतं, पण मेण रंगात मुरतं आणि चित्र काळपट होतं ते कायमचं. शिवाय मागच्या बाजूचं सगळं झाकलं जातं, आणि इथे मागे विन्सर अँड न्यूटन या रंग-कॅनव्हासच्या इंग्रज कंपनीचा अर्धवट शिक्का होता आणि पुराची रेघ होती. त्यामुळे फक्त कडांना पट्ट्या लावल्या, ताणायला धरता यावं एवढ्यापुरत्या. फाटलेली जागा धागा धागा जोडून, जर्मनीत विनफ्रीड हायबर यांनी रुळवलेली ही पद्धत, भिंगाखाली एकेका सुट्या धाग्याचं टोक त्याच्या जोडीदाराशी आणून सरस आणि गव्हाच्या खळीच्या टिपक्याने जोडायचं. एवढ्या थेंबभर ओलीने कापडाला काही होत नाही. ठिगळ लागत नाही मग. पुराची रेघ मागच्या बाजूला अजून आहे, सुट्टी माती काढून ठेवलीय, डाग ठेवलाय. घरातले दादा म्हणाले की तीही काढून टाका ना, मी म्हटलं पुढून तुम्हाला कुठेच दिसत नाहीये, मागे राहू दे, चित्राबरोबर घडलेली गोष्ट आहे ती.

आणि आता हात.

खाली सोडलेला हात पाण्याच्या रेषेत होता. मनगटापर्यंत ठीक, पुढे बोटांची जागा अस्तरासकट गेलेली, खाली नुसतं कापड. डब्यांतल्या तुकड्यांपैकी दोन-तीन तिथले निघाले, त्यावर करंगळीचा थोडा भाग आणि काहीतरी पांढरं. बस. रंगाखालचं रेखाटन बघायला इन्फ्रारेड फोटो काढतात, पण कापडच राहिलंय तिथे तो काय दाखवणार. मी काकूंना म्हटलं, घरातले सगळे जुने ग्रुप फोटो काढा, माजघरात काढलेला एखादा असेल तर मागे हे चित्र आलं असेल. आणि खरंच निघाला, कुणाच्या तरी मुंजीचा काळा-पांढरा फोटो, मागे भिंतीवर हे चित्र, आणि बटूच्या डोक्याच्या वर बरोब्बर तो हात. मोठा करून बघितला. हाताचा आकार कळला, तळवा आत वळलेला, बोटं मिटलेली. बोटांत पांढरं काहीतरी धरलेलं, तेही कळलं. काय ते मात्र नाही कळलं.

इथून गोष्ट जरा अवघड झाली. कारण ते पांढरं काय आहे त्यावर ती नायिका कोण ते ठरतं. पत्र असेल तर शकुंतला म्हणता येईल, असं नाटकातल्या एका जाणकारांनी सांगितलं. माळ असेल तर स्वयंवराचा प्रसंग. रुमाल असेल तर काहीच नाही, फोटोवाल्याकडे उभं राहताना हातात काहीतरी हवं म्हणून धरलेला. आणि प्रदर्शनाला शकुंतला फार हवी होती हो. पाटीवर "शकुंतलेच्या भूमिकेतील नट" लिहिलं की लोक थांबून बघतात. घरच्यांनाही हवी होती, त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत की चुलत आजोबा शकुंतला करायचे. मला म्हणाले, तुम्हाला रंगवता येतं, एवढंसं पत्र रंगवायला काय लागतं.

रंगवायला काही लागत नाही, अर्ध्या तासाचं काम. पण एकदा ते मी रंगवलं की पुढे बघणाऱ्या प्रत्येकाला ते त्या चित्रकाराने रंगवलंय असंच वाटणार, उद्या कुणी नाटकाच्या इतिहासावर लिहील, या चित्राचा दाखला देईल, आणि तो दाखला माझ्या ब्रशचा असेल. जे आपल्याला माहीत नाही ते आपण चित्रात घालायचं नाही. मी हे शांतपणे सांगितलं पण ठाम सांगितलं, आणि क्युरेटर मॅडम माझ्या बाजूने उभ्या राहिल्या, प्रदर्शनाची पत्रिका छापायला जायची घाई असताना.

मग काय केलं ते सांगते. जिथे रंग गेलाय पण आकार नक्की माहीत आहे, साडीच्या निऱ्या, फरशी, स्टुलाचा पाय, तिथे खडूची पूड आणि जिलेटिनचं फिलिंग भरून, त्यावर आजूबाजूच्या कॅनव्हासची वीण उठवून, आधी वेगळं ठेवणारं वॉर्निश देऊन, मग त्यावर रिटचिंग, फक्त गेलेल्या जागेत, मूळ रंगावर एक टिपकाही नाही. हे रंग तेलातले नाहीत, पुढे सहज काढता येतील असे कृत्रिम राळेतले. हाताची बोटं मी त्रात्तेज्जो पद्धतीने केली, म्हणजे बारीक उभ्या रेघा शेजारी शेजारी, लांबून बघितलं की हात पुरा दिसतो आणि जवळ गेलं की रेघा कळतात, इथे नंतरचं काम आहे हे कुणापासून लपत नाही. रोममधे १९३९ साली सरकारी रेस्टोरेशन संस्था निघाली, चेझारे ब्रांदी तिचे पहिले संचालक, त्यांनी आणि त्यांच्या लोकांनी युद्धाच्या आगेमागे ही पद्धत घडवली, बॉम्बने फुटलेली भित्तिचित्रं समोर पडलेली असताना, म्हणून मला ती पुरात भिजलेल्या चित्राला जवळची वाटते. बोटांचा आकार फोटोवरून पक्का होता म्हणून तेवढा धीर केला. आणि ती पांढरी वस्तू मात्र नुसत्या मळकट पांढऱ्या टोनमधे ठेवली, कड नाही, घडी नाही, पाकळी नाही. करंगळीजवळचे मूळ तुकडे त्यांच्या जागी बसवले, ते खरे.

पहिल्यांदा बघायला आल्या तेव्हा काकू बराच वेळ हाताकडेच बघत होत्या. मग मला म्हणाल्या, "नाही कळत ना, काय धरलंय ते." मी म्हटलं, नाही काकू. "बरं. निदान त्यांचा चेहरा तरी राहिला." आणि मग चेहऱ्याबद्दल बोलत बसल्या, नथीतला मोती उजवीकडचा किंचित मोठा रंगवलाय तो त्यांना पहिल्यापासून माहीत होता, नवी नवरी होऊन आल्या त्या वर्षी सासूबाईंनी दाखवला होता म्हणे, आणि मधे कितीतरी वर्षं काळपटपणाने तो दिसेनासा झाला होता.

शेवटचं वॉर्निश रेगलरेझ नावाच्या कृत्रिम राळेचं, हलकं, पिवळं न पडणारं. मागे बॅकबोर्ड लावला, मागच्या धुळीला आणि ओलीला आडोसा म्हणून, बोर्डाला एक खिडकी ठेवलीय, पाहिजे तेव्हा शिक्का आणि पुराची रेघ बघता येते.

पाटीवर काय लिहायचं यावर परत थोडं झालं. घरची आठवण खोटी आहे असं मला अजिबात म्हणायचं नव्हतं, ती पण एक माहितीच आहे, फक्त कुणी सांगितलेली ते लिहायला हवं. शेवटी असं ठरलं: स्त्री-भूमिकेतील नट, चित्रकार अज्ञात, कॅनव्हासवर तैलरंग, कुटुंबाच्या सांगण्यानुसार शकुंतलेची भूमिका, डाव्या हातातील वस्तू २०१९ च्या पुरात नष्ट झाली, ओळख पटलेली नाही. शेजारी मुंजीचा तो फोटो मोठा करून लावला. आणि झालं असं की लोक थांबले ते तिथेच, शकुंतला लिहून जेवढे थांबले असते त्याहून जास्त, प्रत्येक जण हाताजवळ वाकून बघायचा, मग फोटो, मग परत हात. एक शाळेतली मुलगी म्हणाली पंखा असेल. असेलही.

संग्रहालयाने चित्र पहिल्या मजल्यावर टांगलंय, हे मी काम घेतानाच लिहून घेतलं होतं. बाहेरची भिंत नको, पावसाळ्यात ती गार पडते आणि ओल धरते, आतल्या भिंतीवर, मागे बुचाचे तुकडे लावून बोटभर अंतर सोडून. दिवे २०० लक्सच्या आत, लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप. हवेतली आर्द्रता पुस्तकात ५० टक्क्यांच्या आसपास सांगतात, आपल्याकडे जुलैत ते कुठून आणणार, पण एका दिवसात एकदम वरखाली होऊ नये एवढं बघता येतं, त्यामुळे दिवसा एसी आणि रात्री बंद असला प्रकार करायचा नाही, त्यापेक्षा एसी नसलेला परवडतो. आर्द्रतेची नोंद ठेवणारा लॉगर लावलाय, दर महिन्याला आकडे बघतो आम्ही.

प्रदर्शन संपल्यावर घरच्यांनी चित्र संग्रहालयातच ठेवायचं ठरवलं, वाडा अजूनही पूररेषेतच आहे. मग मी आणि त्या मुलाने मिळून एक पानभर लिहून दिलंय, जिन्याजवळ चिकटवलंय. आयर्विनला इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. ४० ची वाट बघायची नाही, कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की त्याच दिवशी तळमजल्यावरच्या वस्तू वर. चित्र उचलायला चार माणसं, दोन पुढे दोन मागे, चौकटीला धरायचं, कॅनव्हासला नाही, तोंड भिंतीकडे. आणि समजा भिजलंच कुठलं, तर उन्हात न्यायचं नाही, पुसायचं नाही, रंगाची बाजू वर करून सावलीत आडवं ठेवायचं आणि फोन करायचा, खाली नंबर दिलाय.